मी पाठ टेकवली

बहारीनला गेलो तेव्हा मी तिशीच्या आसपास होतो आणि माझ्या शरीरावर माझा पूर्ण भरवसा होता. गाव वारणाकाठचं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तालमीच्या मातीत लोळलेलो. पुढं पंचक्रोशीतल्या जत्रांमध्ये कुस्त्या मारल्या, फेटे बांधून घेतले. मग लग्न झालं, दोन पोरं झाली, आणि पैलवानाचा खुराक आणि संसार दोन्ही एवढ्याशा शेतावर भागेनात, तेव्हा गाडी चालवायला शिकलो. ओळखीतून व्हिसा आला आणि मनामातल्या एका खाजगी दवाखान्याची व्हॅन माझ्या ताब्यात मिळाली. सकाळी डॉक्टरांना आणि नर्सना घरून घ्यायचं, दुपारी सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. नव्वदचं दशक होतं. काम सरळ होतं आणि मी ते चोख करायचो.

राहायला सलमाबादला. चहूकडे गोदामं, वर्कशॉप, आणि त्यांच्या मागच्या अंगाला आम्हा कामगारांच्या खोल्या. आमच्या खोलीत वडीलधारे होते ते रत्नागिरीकडचे, लोखंडी कामाच्या एका वर्कशॉपमधले फोरमन. त्यांना सगळं सलमाबाद चाचा म्हणायचं, मीही म्हणायचो. चाचांनी जन्मात कधी लंगोट लावला नव्हता, पण कुस्तीचं त्यांना भारी वेड. शुक्रवारी असरची, म्हणजे दुपार कलतानाची, नमाज झाली की गोदामामागच्या मोकळ्या जागेत आखाडा भरायचा, त्याचे कारभारी तेच. वाळू चाळून घ्यायची, पाणी मारायचं, थोडं तेल टाकून माती मऊ करायची, सगळं ते स्वतः उभं राहून करून घ्यायचे. पाकिस्तानी, पंजाबी, आमच्याकडचे, हौशी आणि खरोखरचे, सगळेच उतरायचे. त्या आखाड्यात माझी पाठ कुणी लावली नव्हती. खोटा विनय कशाला करू, मला त्याचा अभिमान होता. चाचांना माझ्यापेक्षा जास्त होता.

दवाखान्यात सुया टोचून उपचार करणाऱ्या एक चिनी डॉक्टरबाई होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, कामाला वाघ. त्यांचं इंग्रजी सावकाश आणि माझं मोडकंतोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. एका हिवाळ्यात त्यांचे वडील व्हिजिट व्हिसावर राहायला आले. सत्तरी ओलांडलेला काडीसारखा माणूस, अंगात निळं जाकीट, डोक्यावर लोकरीची टोपी. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला.

बाई मला म्हणाल्या, "सकाळी तुम्ही मला घ्यायला येता, त्याच्या जरा आधी याल का? बाबांना मोकळ्यावर व्यायाम करायची सवय आहे. समुद्रावर नेऊ, मग त्यांना घरी सोडून दवाखान्यात जाऊ."

व्यायाम म्हटल्यावर मी एका शब्दात हो म्हणालो.

पहिल्या सकाळी मनामाच्या किनाऱ्यावर गाडी लावली आणि बघत बसलो. बाबा पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग हात वर आले, ते इतके सावकाश की मला वाटलं म्हातारा आळस देतोय. एक पाय उचलला, पुढं टेकला, अंग फिरवलं. चिखलातून चालल्यासारखं सगळं. मी मनात म्हटलं, याला व्यायाम म्हणत असतील तर आमची म्हैस रोज व्यायाम करते. आणि गप्प बसवेना म्हणून शर्ट काढला आणि फुटपाथवर जोर मारायला सुरुवात केली.

बाबा थांबले. माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले आणि लहान मूल मुंगळ्याकडे बघतं तसं बघायला लागले. मी उठल्यावर त्यांनी माझा दंड दाबून पाहिला, मान पाहिली, आणि मुलीला काहीतरी सांगितलं.

बाई हसल्या. "बाबा म्हणतात, हे घर फार मजबूत बांधलंय. पण घरात राहणारा घराची डागडुजी करतो, की नुसताच वरती मजले चढवतो?"

मला त्याचा अर्थ नीट कळला नाही, पण प्रश्न आवडला. त्या दिवसापासून आमची रोजची बैठक सुरू झाली. किनाऱ्यावर ते त्यांचं करायचे, मी माझं करायचो, आणि परतताना व्हॅनमध्ये बाबा बोलायचे, बाई मधल्या सीटवरून सांगत जायच्या.

त्यातून मला समजलं ते असं. त्यांच्याकडे फार जुन्या काळी काही विचार करणारी माणसं होऊन गेली. ताओ मानणारी. ताओ म्हणजे वाट, सारं जग आपलं आपण ज्या वाटेनं चालतं ती. या माणसांचं म्हणणं असं की माणसाला मिळालेली सगळ्यांत मोलाची चीज म्हणजे त्याचा जीव, आणि तो जपणं हीसुद्धा एक विद्या आहे. पोट तट्ट फुगेपर्यंत खायचं नाही. फार वेळ बसायचं नाही, फार वेळ उभंही राहायचं नाही. थंडीत थंडीसारखं आणि उन्हाळ्यात उन्हाळ्यासारखं राहायचं. राग आला तर येऊ द्यायचा, पण मुक्कामाला ठेवायचा नाही. श्वास असा घ्यायचा की तो टाचेपर्यंत पोचला पाहिजे. आणि कुठं थांबायचं ते थांबण्याची वेळ यायच्या आधी ओळखायचं.

"आमचे वस्तादही यातलं अर्धं सांगायचे," मी म्हटलं. "पहाटे उठा, वेळेवर जेवा, रात्री जागू नका, मन ताब्यात ठेवा."

बाबांनी ते ऐकून आनंदानं मान हलवली. "आणि उरलेलं अर्धं?"

"थांबायचं सांगत नव्हते. पैलवान थांबत नसतो."

एकदा मी विचारलं, "एवढा जीव जपणारी ही माणसं जगली तरी किती?"

बाबा खो खो हसले. म्हणाले, काही पुष्कळ जगली, काही साध्या तापानं गेली. पण मोठी गंमत राजांची झाली. त्यांना वाटलं, जीव जपायचाच आहे तर कायमचाच का जपू नये? म्हणून त्यांनी पारा आणि कसकसल्या धातूंची औषधं खाल्ली, अमर व्हायला. आणि त्या औषधांनीच मेले. "मरायचं नाही हा वेगळा लोभ," बाबा म्हणाले. "जगणं नीट सांभाळायचं, ही वेगळी गोष्ट."

मला आमच्या भागातले एक-दोन पैलवान आठवले, ताकदीसाठी नाही नाही ती चूर्णं आणि इंजेक्शनं घेतलेले. मी त्यांच्याबद्दल सांगितलं. बाबा गंभीर झाले.

मग एके सकाळी त्यांनी मला समोर उभं केलं आणि खुणेनं सांगितलं, ढकल. मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "ढकला, त्यांना हवंय." मी ऐकून होतो की असली बारीक म्हातारी माणसं मोठमोठ्या गड्यांना एका बोटानं उडवतात. म्हटलं, बघू तरी. पाय रोवले आणि दोन्ही तळव्यांनी छातीवर रेटा दिला. बाबा मागे गेले आणि धपकन वाळूत बसले.

डॉक्टरबाईंचे वडील! धावत जाऊन हात दिला. तर ते हसतायत, टोपी झटकतायत. अंगाला कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं. पडताना ते ओल्या कपड्यासारखे पडले होते, कुठंही ताठ न होता.

"बाबा म्हणतात, तुमची ताकद त्यांच्यापेक्षा फार जास्त आहे," बाई म्हणाल्या. "त्यांना जिंकायचं नव्हतंच. तुम्ही कसे ढकलता ते बघायचं होतं. ते म्हणतात, तुम्ही मानेतून ढकलता."

ते खरं होतं. आणि मान हीच माझी दुखरी जागा होती, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. कुस्तीत गडी खाली सापडला की पाठ लागू नये म्हणून डोकं मातीत रोवून मानेवर अंगाची कमान धरतो. ती कमान धरण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. वरती दुसरा गडी बसला तरी मी मोडायचो नाही. पण गेल्या वर्षभरात डाव्या हाताला मुंग्या येत होत्या. स्टिअरिंगवर हात ठेवला की करंगळीकडची बोटं बधिर व्हायची. मी हात झटकायचो आणि गाडी चालवायचो.

बाईंनी ते पाहिलंच. एका सिग्नलला मी हात झटकत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "हे कधीपासून?"

"असंच. झोपेत हात अंगाखाली येतो."

"सलमानियाच्या सरकारी इस्पितळात जाऊन मानेचा एक्स-रे काढा. मी चिठ्ठी देते."

"इंशाल्ला," मी म्हटलं. आखातात ज्या कामाला माणूस जाणार नसतो त्यालाही इंशाल्लाच म्हणतात.

बाबांनी मुलीला विचारलं काय चाललंय, आणि मग बरंच काही बोलले. बाईंनी सांगितलं ते असं : जुनी माणसं म्हणायची, जीव सांभाळणं म्हणजे मेंढरं राखण्यासारखं आहे. पुढं चालणाऱ्या मेंढरांकडे बघत बसू नये, ती चालतातच. जे मागं रेंगाळतं त्याच्यावर नजर ठेवावी आणि त्याला हाकत राहावं.

हे मला एकदम पटलं. आमच्या रानात दरवर्षी धनगरांचे कळप बसायला यायचे. धनगर नेहमी कळपाच्या मागं चालतो, हे मी लहानपणापासून बघत आलोय. मी मान डोलावली. चिठ्ठी खिशात ठेवली. आणि सलमानियाला गेलो नाही.

त्याच सुमारास सलमाबादच्या आखाड्यात पाकिस्तानातल्या गुजरांवालाकडचा एक पोरगा आला. शटरिंगचं काम करायचा. विशीतला, उंच, खांदे बैलासारखे. आल्या आल्या त्यानं आमच्या चांगल्या गड्यांना लोळवलं. मग लोक माझ्याकडे बघायला लागले. चाचांनी तर मला न विचारताच जोड लावून टाकली.

"येत्या शुक्रवारी," ते खोलीवर येऊन म्हणाले. "सगळ्यांना सांगून आलोय. यल्ला, चल, तयारीला लाग."

"चाचा, माझ्या हाताला जरा..."

"हाताला काय झालंय? तो पोर तुझ्या ढाकेच्या डावाला टिकायचा नाही. रत्नागिरीपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांची इज्जत तुझ्या अंगावर आहे रे."

मी हो म्हटलं. कुणाच्या आग्रहाला बळी पडून म्हटलं, असं मी सांगणार नाही. मला लढायचं होतं. पोरगा ताकदवान होता, पण कच्चा होता, आणि मी जिंकू शकतो हे मला स्वच्छ दिसत होतं.

गुरुवारी सकाळी किनाऱ्यावर मी बाबांना कुस्तीचं सांगितलं. ते रागावले नाहीत, अडवलंही नाही. माझा डावा हात स्वतःच्या हातात घेतला आणि विचारलं, "कुणी तुला हे सगळं बेट दिलं, वाळू, समुद्र, बँका, सगळं, आणि बदल्यात हा हात मागितला, तर देशील?"

"नाही."

"आणि कुणी डोक्याला पागोटं बांधतो म्हणाला आणि हात मागितला, तर?"

मी म्हटलं, "बाबा, पागोट्यासाठी कुणी हात मागत नाही."

"मागत नाही," ते म्हणाले. "न मागताच नेतात." मग हसले. "मला बघायला यायचंय."

शुक्रवारी गोदामामागं ही गर्दी झाली होती. पंजाब्यांचा ढोल होता. कडेला लोखंडी पिंपांवर माणसं चढली होती. डॉक्टरबाई आणि बाबा दोघंही आले होते. चाचांनी बाबांना वर्कशॉपमधून खुर्ची आणवून दिली. मी लंगोट कसला, मातीला हात लावून कपाळाला लावला, शड्डू ठोकला आणि उतरलो.

सुरुवात माझीच होती. पोरगा धसमुसळा. दोनदा त्याची ताकद त्याच्याच अंगावर उलटवून मी त्याला गुडघ्यावर आणला. लोक ओरडत होते. चाचा सगळ्यांत मोठ्यानं. मग त्यानं अचानक खाली वाकून माझा पट काढला, म्हणजे डावा पाय धरून ओढून घेतला, आणि मी पाठीवर जायच्या बेतात असताना सवयीनं डोकं मातीत रोवलं आणि कमान धरली.

तो वरती आला. छातीवर सगळा भार टाकून दाबायला लागला. मी अशा कमानीवर किती वेळा वाचलो होतो त्याची गणती नाही. गडी वरती दमतो, जरा सैल पडतो, आणि आपण फिरून निघतो. मला फक्त धरून ठेवायचं होतं. ढोल वाजत होता. आणि मी डाव्या हाताची बोटं मातीत रुतवायला गेलो तर माती लागेना. हात होता, दिसत होता, वाळूत होता. पण वाळू ओली आहे की कोरडी, गरम की गार, काही कळत नव्हतं. खांद्यापासून खाली हात माझा नव्हताच.

मग मानेत काहीतरी सरकलं. दुखलं म्हणता येणार नाही, सरकलं.

त्या वेळी मला काय वाटलं ते मी पुष्कळांना सांगितलंय आणि पुष्कळांना ते खरं वाटलेलं नाही. मला भीती वाटली नाही. मला अगदी निवांत, स्पष्ट दिसलं की ही कमान मी आणखी धरू शकतो. ताकद आहे. आणि हेही दिसलं की धरायची नाही. म्हणून मी अंग सैल सोडलं आणि पाठ मातीला टेकवली.

एक क्षण कुणाला काही कळलंच नाही. पोरगाही वरती तसाच दाबत राहिला. मी उजव्या हातानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "हो गया भाई. उठ."

मग पंजाबी आणि पाकिस्तानी बाजूनं जो कल्लोळ झाला! पोराला खांद्यावर घेतलं. आमच्या बाजूला चिडीचूप. त्या शांततेत एकटे बाबा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते. लोकांना वाटलं, चिनी म्हातारा जिंकणाऱ्याचं कौतुक करतोय. ते माझ्याकडे बघत होते.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवून खोलीकडे चालू लागले. खोलीवर त्या संध्याकाळी आमच्यातला एक साताऱ्याकडचा, एसीचं काम करणारा, जेवताना म्हणाला, "पैलवान खलास झाला म्हणायचा."

मी म्हटलं, "कुस्ती खलास झाली. पैलवान इथं बसून भाकरी खातोय, वाढ अजून एक."

शनिवारी सकाळी नेहमीप्रमाणे बाबांना घ्यायला गेलो. मान ताठली होती, नीट वळत नव्हती. त्या दिवशी कुणीच व्यायाम केला नाही. आम्ही पाण्याजवळ बसून राहिलो. बाबांनी विचारलं, "फार अवघड गेलं का?"

"पाठ टेकवणं सोपं होतं," मी म्हटलं. "उठून चाचांच्या तोंडाकडे बघणं अवघड होतं."

त्यांनी मान हलवली आणि मग जाकिटाच्या वरून बरगडीवर हात ठेवून एक गोष्ट सांगितली, जी बहुधा मुलीलाही नीट ठाऊक नव्हती, कारण ती सांगताना बाई मध्येच थांबल्या. तरुणपणी बाबांना क्षय झाला होता. खोकल्यातून रक्त पडायचं. पण शाळेत त्यांचं फार नाव होतं, सगळ्यांत उत्तम शिक्षक म्हणून, आणि एक दिवसही रजा घ्यायची नाही असा त्यांनी हट्ट धरला होता. शेवटी वर्गातच कोसळले. एक फुप्फुस कायमचं गेलं. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी ती जुनी पुस्तकं पहिल्यांदा नीट वाचली. "मुलांना मी ती आधी कितीदा शिकवली होती," ते म्हणाले. "परीक्षेला येतात म्हणून. तू मात्र ऐन परीक्षेत शिकलास."

एवढं म्हणून त्यांनी माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. चिठ्ठी तिथंच आहे हे त्यांना ठाऊक होतं.

सलमानियाला जायला मी निघालो तेव्हा चाचा दारात उभे होते, कपडे करून. कुणी सांगितलं कोण जाणे. "चल," एवढंच म्हणाले. बसमध्ये दोघांची तिकिटं त्यांनीच काढली.

तिथं केरळचे एक डॉक्टर होते, हिंदी चांगलं बोलायचे. त्यांनी एक्स-रे काढायला लावला, आणखी तपासण्या केल्या, हाताला टाचणी टोचून कुठं कळतं कुठं नाही ते पाहिलं. मानेतल्या मणक्यांमधली चकती सरकून हाताकडे जाणारी नस दाबली जाते आहे, म्हणाले. पट्टा वापरायचा, औषधं घ्यायची, हाताचे व्यायाम करायचे. हात परत येईल. कुस्ती बंद.

चाचांनी विचारलं, "डॉक्टरसाब, ये अगर और थोड़ी देर ज़ोर लगाता तो?"

डॉक्टर म्हणाले, "काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही. पण जोर लावला नाही हे फार चांगलं झालं."

बाहेर झाडाखाली बाक होतं. चाचा त्यावर बसले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तू अंग सोडलंस, ते मला दिसलं होतं. बाकी कुणाला दिसलं नसेल. मला वाटलं, यानं आपल्याला पाडलं. सगळ्यांच्या देखत."

"तुम्हाला कशाला पाडेन, चाचा?"

"तेच तर." त्यांनी चष्मा परत लावला. "एवढं दुखत होतं तर बोलायचं नाहीस?"

"बोलायला लागलो होतो. तुम्ही यल्ला म्हणालात."

त्यावर ते हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. मी त्यांना बाबांची मेंढरांची गोष्ट सांगितली, मागं राहिलेल्यावर लक्ष ठेवायची. चाचा ऐकत होते. आयुष्य वेल्डिंगच्या ठिणग्यांत गेलेलं, डोळे सारखे लाल, साखर वाढलेली, गुडघे दुखणारे, आणि गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या अशी तऱ्हा.

"मेल्या," ते म्हणाले, "माझा तर अख्खा कळपच मागं राहिलाय."

पण त्या दिवशी आम्ही तसेच परत फिरलो नाही. चाचांनी डोळे आणि साखर तपासून घेण्यासाठी स्वतःचा नंबर लावला आणि दोघं मिळून दुपारपर्यंत रांगेत बसलो.

पुढच्या शुक्रवारी तो गुजरांवालाचा पोरगा आमच्या खोलीवर आला. हातात खजुराचा डबा. माझ्या गळ्यातला पट्टा बघून दारातच थबकला.

"उस्ताद, एक बात पूछूँ? बुरा तो नहीं मानेंगे?"

"पूछ."

"आपने छोड़ दी थी ना? मुझे ऊपर से लगा था. जो आदमी हारता है वो ऐसे नहीं जाता."

"हाँ. छोड़ दी."

तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, त्याचे वडील असते तर म्हणाले असते, मान मोडली तरी चालेल पण पाठ लागता कामा नये. मी म्हटलं, माझे वस्तादही हेच म्हणाले असते, आणि दोघंही मोठी माणसं आहेत. पण वरती तू होतास आणि खाली मी होतो. ते दोघंही तिथं नव्हते. तुझी कुस्ती तू जिंकलायस. पट तू स्वच्छ काढलास, ती चोरी नव्हती. त्या डावाचा मान तुझाच.

त्याला बरं वाटलं ते दिसलं. जाताना विचारलं, "सिखाएँगे?" आणि मी हो म्हणालो. पट्टा सुटल्यावर दर शुक्रवारी मी आखाड्याच्या कडेला बसायला लागलो, त्याचा वस्ताद म्हणून. तो दाबताना श्वास कोंडून धरायचा आणि लवकर दमायचा. त्याला श्वास खाली सोडायला शिकवला, टाचेपर्यंत. माझा हात हळूहळू परत आला. आधी अंगठा, मग बाकीची बोटं. एके सकाळी स्टिअरिंगचा गरमपणा करंगळीला लागला तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ तसाच बसलो.

उन्हाळा चढायच्या आधी बाबा परत गेले. विमानतळावर मी त्यांच्या पायाला हात लावला तेव्हा ते दचकून मागं सरले. त्यांच्यात तशी रीत नसावी. मग त्यांना कळलं, आणि त्यांनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. खांदे सैल आहेत की नाहीत ते ते बघत होते, अशी माझी खात्री आहे. मुलीला काहीही सांगायला न लावता तसेच आत निघून गेले.

रजेवर मी गावी गेलो ते जत्रेच्या दिवसांत. मैदान भरलं होतं, हलग्या कडाडत होत्या. परदेशातून आलेला जुना पैलवान म्हणून मला मंडपात बसवलं, फेटा बांधला. माझे वस्ताद शेजारी होते, पार थकलेले. आणि माइकवरचा माणूस रंगात येऊन सांगायला लागला, "आपल्या गावचा हा ढाण्या वाघ! सातासमुद्रापार गेला, पण परमुलखातसुद्धा याच्या पाठीला माती लागली नाही!"

टाळ्या सुरू झाल्या. मी उठलो आणि माइक मागितला.

"लागलीय," मी म्हटलं. "बहारीनमध्ये लागलीय. गुजरांवालाच्या एका पोरानं माझा पट काढला. मान जायची वेळ आली होती, म्हणून मीच पाठ टेकवली. हात शाबूत आहे. हा बघा." आणि डावा हात वर केला.

मागून कुणीतरी हसलं, कुणीतरी शिट्टी मारली, आणि पुढची जोड पुकारली गेली. मी येऊन बसलो. वस्तादांनी काठी जवळ ओढली. मला वाटलं, आता उठून जातील.

"पट कुठल्या बाजूनं काढला?" त्यांनी विचारलं.

"डाव्या."

"तुझा डावा पाय आधीपासूनच पुढं पडतो," ते म्हणाले. मग वाकलेली बोटं माझ्या मानेवर ठेवून मणके एकेक करून चाचपत राहिले. "दुखतं?"

"नाही वस्ताद."

"बरं."

घरी पोचलो तर बायकोनं ताट मांडलेलं होतं. लाउडस्पीकरवर सगळ्या गावाबरोबर तिनंही ऐकलं होतं. तिकडच्या पत्रांत मी बाबांचं, त्यांच्या खाण्यापिण्याच्या नियमांचं सगळं लिहिलं होतं, मानेचं काही लिहिलं नव्हतं. ती समोर बसली.

"मला आधी सांगायचं होतंत," ती म्हणाली.

"तू काळजी करत बसली असतीस."

"करायचीच असते. ते माझं काम आहे." तिनं भाकरी मोडून ताटात ठेवली. "आता पोराला तालमीत घालायचं म्हणताय ना? घाला. पण सकाळी तुम्ही स्वतः घेऊन जायचं, आणि जोपर्यंत इथं आहात तोपर्यंत समोर बसायचं."

"बसतो."

"मग जेवा," ती म्हणाली, "आणि पोटाला तडस लागेस्तोवर खाऊ नका."